वाचकांचे प्रश्न : जे डिला आणि मागे राहिलेला ठोका

मागील अंकातील 'फेब्रुवारीचे स्मरणदिन' या चौकटीत आम्ही जे डिला या अमेरिकी हिप हॉप संगीतकाराविषयी अवघ्या तीन ओळी छापल्या होत्या : जन्म ७ फेब्रुवारी १९७४, मृत्यू १० फेब्रुवारी २००६, आणि या बत्तीस वर्षांत त्याने ठेक्याकडे पाहण्याची दृष्टी बदलून टाकली. या तीन ओळींवर नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवावे, असे संपादकांनी सुचवले. मी गेली वीस वर्षे नाशिकमध्ये ध्वनिमुद्रणाची एक लहान खोली चालवतो. भजनी मंडळांपासून रॅप करणाऱ्या मुलांपर्यंत सर्वांचे आवाज तेथे मुद्रित होतात. त्यामुळे ही उत्तरे अभ्यासकाची नसून, या कामात हात असलेल्या माणसाची आहेत, असे समजून वाचावीत.

प्रश्न : माझ्या धाकट्या मुलाने आपल्या खोलीत या माणसाचे चित्र लावले आहे. डोक्यावर टोपी आहे आणि समोर चौकोनी बटणांचे एक यंत्र आहे. मुलगा रात्र रात्र त्याचे संगीत ऐकतो. त्यात गाणे जवळजवळ नसतेच, एखादा तुकडा फिरत राहतो आणि अचानक संपतो. हा माणूस गायक नाही, वादक नाही, तर मग तो नेमका आहे तरी कोण?
– एक वडील, इंदिरानगर

उत्तर : मुलाशी याविषयी बोलता यावे म्हणून आपण विचारत आहात, असे पत्रावरून वाटले, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

हिप हॉपमध्ये आपल्याला जो माणूस दिसतो तो माइक हातात धरून यमके जुळवत बोलणारा, म्हणजे रॅपर. तो ज्या जमिनीवर उभा असतो, ती जमीन तयार करणारा दुसराच असतो आणि त्याला बीटमेकर किंवा प्रोड्यूसर म्हणतात. ही विभागणी या संगीताच्या जन्मापासूनची आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सेजविक अॅव्हेन्यूवरील एका इमारतीत कूल हर्क या जमैकातून आलेल्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. गाण्यातले इतर आवाज थांबून फक्त ड्रम उरतो त्या जागी लोक सर्वांत जास्त नाचतात, हे त्याने हेरले होते. पुढे तो एकाच तबकडीच्या दोन प्रती घेऊन तेवढाच तुकडा लांबवू लागला. त्या लांबवलेल्या तुकड्यावर माणसे बोलू लागली आणि त्यातून रॅप वाढले. आपल्या मुलाच्या भिंतीवरचा माणूस हा तबकड्या वाजवणाऱ्या त्या हातांचा वारसदार आहे. तो रॅपही करत असे. परंतु त्याचे मोठेपण जमीन तयार करण्यात आहे.

त्याचे खरे नाव जेम्स ड्यूइट यान्सी. तो डेट्रॉइटचा, म्हणजे मोटारींच्या कारखान्यांच्या आणि मोटाउन या संगीत कंपनीच्या गावचा. आई मॉरीन यांनी ऑपेरा गायले होते आणि वडील जॅझमध्ये बास वाजवत. कॉनन्ट गार्डन्स या वस्तीतल्या त्या घरात तबकड्यांची कमतरता नव्हती. सुरुवातीला त्याच्याजवळ यंत्रे नव्हती, तर साध्या टेपडेकवर तो तुकडे जोडत असे. ज्यांच्या घरी एके काळी डबल कॅसेटचा टेप होता आणि ज्यांनी पॉजचे बटण दाबून धरून नको असलेले कडवे वगळले आहे, त्यांना ही कसरत समजावून सांगण्याची गरज नाही. बोट क्षणभर उशिरा उचलले, तर जोड ऐकू येतो. वेळेचा इतका बारीक हिशेब त्याच्या बोटांना तेव्हाच लागला असावा, असे मला नेहमी वाटते.

पुढे अँप फिडलर नावाच्या, त्याच शहरातल्या एका कीबोर्डवादकाने त्याला आपल्या घरी अकाई कंपनीचे एमपीसी हे यंत्र वापरू दिले. चित्रात दिसते ते त्याच जातीचे यंत्र आहे. त्यावर सोळा चौकोनी पॅड असतात. कोणताही आवाज, मग तो ड्रमचा असो किंवा जुन्या तबकडीतला अर्ध्या सेकंदाचा उसासा असो, एका पॅडवर बसवायचा आणि बोटाने वाजवायचा. याच फिडलरने १९९४ मध्ये त्याची गाठ 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या नामांकित गटातल्या क्यू-टिपशी घालून दिली आणि वीस वर्षांच्या त्या मुलाचे काम डेट्रॉइटबाहेर गेले. १९९५ मध्ये 'द फारसाइड' या गटासाठी त्याने काही गाणी रचली, १९९६ मध्ये ट्राइबच्या अल्बमवर काम केले, आणि २००० साली तर एकाच वर्षी कॉमन या रॅपरचा गाजलेला अल्बम आणि त्याच्या स्वतःच्या 'स्लम व्हिलेज' या गटाचा दुसरा अल्बम असे दोन्ही बाहेर आले. यांतले बरेच काम एका समूहाच्या नावाखाली झाले, त्यामुळे गाणे रेडिओवर वाजत असताना ते कोणी रचले हे ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. 'जे डी' हे आधीचे नाव बदलून तो जे डिला झाला तो २००१ च्या सुमारास.

२००२ पासून मात्र आयुष्य आजाराभोवती फिरू लागले. एका मोठ्या कंपनीसाठी गायक-रॅपर म्हणून केलेला त्याचा अल्बम त्याच काळात अडकून पडला आणि तो प्रसिद्ध झाला थेट २०१६ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर दहा वर्षांनी. २००४ मध्ये तो लॉस एंजेलिसला राहायला गेला. तिथल्या रुग्णालयात त्याच्यासाठी यंत्र आणि तबकड्यांची पेटी आणून ठेवली होती. बोटे सुजून दुखायची, तेव्हा आई ती चोळून द्यायची आणि दुखणे ओसरले की तो पुन्हा कामाला लागायचा, ही मॉरीन यांनी सांगितलेली आठवण आहे. २००५ च्या अखेरीस त्याने युरोपात कार्यक्रम केले, ते चाकाच्या खुर्चीत बसून.

आपला मुलगा ऐकतो तो बहुधा 'डोनट्स' हा अल्बम असावा. तो ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी प्रसिद्ध झाला आणि तीन दिवसांनी तो गेला. एकतीस तुकडे, बहुतेक एक ते दोन मिनिटांचे, शब्द नावापुरते. तो संपूर्ण रुग्णालयाच्या खाटेवर रचला गेला ही कथा फार लोकप्रिय झाली आहे. प्रत्यक्षात त्याचा पाया आधीच्या बीट-टेपमध्ये, म्हणजे नुसत्या ठेक्यांच्या मुद्रित संग्रहात, घातला गेला होता आणि आजारपणात त्यावर पुढचे काम झाले. कथेइतके नाट्य त्यात नसेल, पण माझ्या मते त्यामुळे कामाचे मोल तसूभरही कमी होत नाही. मुलाला एक गोष्ट अवश्य विचारा : पहिल्या तुकड्याचे नाव 'समारोप' अशा अर्थाचे आणि शेवटच्याचे 'प्रस्तावना' अशा अर्थाचे का ठेवले असावे? शेवटचा तुकडा संपतो तेथे पहिला लावून पाहा. दोघांनी मिळून ऐका.

प्रश्न : मी पंचवटीतल्या एका ढोल पथकात सात वर्षे ढोल वाजवतो. या डिलाचे ठोके 'मुद्दाम मागेपुढे' असतात आणि म्हणून तो थोर, असे आमच्यातला एक जण सांगतो. आमच्या पथकात एखाद्याचा ठोका मागे राहिला, तर सराव थांबवून त्याला सगळ्यांसमोर ऐकवले जाते. मग त्याचे मागे राहणे ही कला आणि आमचे मागे राहणे ही चूक, असे कसे?
– ढोलवादक, पंचवटी

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत मला हा प्रश्न सर्वाधिक आवडला, कारण तो हातात टिपरू धरलेल्या माणसाने विचारला आहे.

उत्तर देण्याआधी माझा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी गोदाघाटावर एका पथकाच्या सरावाचे मी ध्वनिमुद्रण केले. एक मायक्रोफोन पुढे ताशाजवळ ठेवला आणि दुसरा सुमारे सतरा मीटर मागे, ढोलांच्या शेवटच्या रांगेजवळ. खोलीवर येऊन दोन्ही आवाज संगणकाच्या पडद्यावर एकाखाली एक मांडले, तेव्हा ताशाची एकच काडी मागच्या मायक्रोफोनमध्ये सेकंदाच्या वीसाव्या भागाने उशिरा उमटलेली दिसली. यात कोणाचाही दोष नव्हता. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा सतरा मीटरसाठी इतका वेळ लागायचाच. परंतु शेवटच्या रांगेतला वादक कान ताशाकडे लावून वाजवतो, म्हणजे त्याला ताशा उशिरा ऐकू येतो, तो त्याप्रमाणे टिपरू टाकतो, आणि त्याचा ढोल पुढे उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचायला पुन्हा तितकाच वेळ घेतो. पुढे उभे राहून ऐकताना ताशा चटकन टोचतो आणि मागून ढोलाचा भार सावकाश येऊन पडतो. नाशिक ढोलाचा जो दणका छातीत बसतो म्हणतात, त्यात या मागून येण्याचा वाटा मोठा आहे, असे ती रेषा पाहिल्यापासून माझे ठाम मत झाले आहे.

डिलाने हेच अंतर मोजून, हाताने, यंत्रात ठेवले. १९९० च्या दशकातल्या यंत्रांमध्ये 'क्वांटाइझ' नावाची सोय होती : बोट थोडे चुकले तरी यंत्र तो ठोका उचलून जवळच्या मात्रेच्या रेघेवर नेऊन ठेवते. त्यामुळे ठेका सरळ होतो, आणि पुष्कळदा निर्जीवही होतो. त्याच्या आवडत्या एमपीसी ३००० मध्ये एका मात्रेचे ९६ भाग पडतात. मिनिटाला नव्वद मात्रांची लय धरली, तर यांतला एक भाग सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे सात भागांइतका भरतो. या एवढ्या बारीक पट्टीवर तो पायाचा जड ड्रम किंचित आळसावलेला ठेवी, स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या लहान ड्रमचा, ठोका किंचित आधी आणी, आणि हाय-हॅट या झांजांच्या जोडीची टिकटिक कधी सरळ तर कधी झुलती ठेवी. 'त्याने क्वांटाइझ बंद केले' असे सरसकट सांगितले जाते. ते अपुरे आहे. कोठे बंद ठेवायचे, कोठे वापरायचे आणि कोणता आवाज किती सरकवायचा, हे तो एकेका आवाजासाठी ठरवत असे.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. त्याचा स्नेअर आठ आवर्तने मोजा. पहिल्या आवर्तनात तो ज्या जागी आधी आला, त्याच जागी आठव्यातही येतो. चूक दर वेळी वेगळ्या जागी होते. आपल्या पथकात ज्याला ऐकवले जाते, त्याचा ढोल पहिल्या फेरीत मागे, दुसऱ्यात पुढे आणि तिसऱ्यात भलतीकडेच असतो, म्हणून शेजारच्याला त्याचा भरवसा वाटत नाही. पथकप्रमुखांनी सराव थांबवला, तो योग्यच आहे. परंतु एखादा वादक सातत्याने केसभर मागे असेल आणि त्याच्यामुळे रांगेचा भार वाढत असेल, तर त्याला रागावण्याआधी एकदा दूर उभे राहून ऐकावे, अशी माझी विनंती आहे.

आपल्या शास्त्रालाही ही गोष्ट नवी नाही. तालशास्त्रात 'ग्रह', म्हणजे गाणे-वाजवणे तालाच्या कोणत्या जागी धरायचे, ही कल्पना आहेच : सम, विषम, अतीत, अनागत. समेला बरोबर गाठणे हा अनेक मार्गांपैकी एक मार्ग आहे, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी नावे देऊन ठेवले होते. लावणीचा ढोलकीवालाही लय ओढून धरतो आणि बाई पाय टाकेपर्यंत सोडत नाही. नवे इतकेच, की ही ओढ एका माणसाने यंत्राकडून करवून घेतली, आणि मग अमेरिकेतले चांगले चांगले ड्रमवादक प्रत्यक्ष ड्रमवर ते यंत्रातले डुलणे वाजवायला शिकले. २००० साली आलेल्या डीअँजेलो या गायकाच्या अल्बमवर क्वेस्टलव्ह या ड्रमवादकाने वाजवलेला ड्रम ऐका, म्हणजे माणूस यंत्राकडून काय शिकला ते कळेल.

प्रश्न : माझ्या बहिणीला ल्युपसचे निदान झाले आहे. डिलाला तोच आजार होता, असे वाचून ती घाबरली आहे. कृपया खुलासा करावा.
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : त्याला ल्युपस होता, आणि त्याबरोबर टीटीपी नावाचा रक्ताचा दुर्मीळ विकारही होता. या विकारात शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि त्यात रक्तातल्या प्लेटलेट्स खर्ची पडतात. ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. परंतु तो प्रत्येकाला सारख्या तीव्रतेने होत नाही आणि वेळेवर, नियमित उपचार घेऊन असंख्य लोक आपले आयुष्य चालवत आहेत. बहिणीने तुलना डिलाशी करू नये, आपल्या संधिवाततज्ज्ञांशी बोलावे आणि औषधे मनाने बंद करू नयेत.

प्रश्न : मी निवृत्त संगीतशिक्षक आहे. दुसऱ्याने गायलेल्या, वाजवलेल्या तबकडीतून तुकडा उचलायचा आणि त्यावर आपले नाव घालायचे, याला माझ्या काळी चोरी म्हणत. आपण त्याला कला म्हणता. मला समजावून सांगावे.
– एक शिक्षक, गंगापूर रोड

उत्तर : सर, आपला आक्षेप न्यायालयांनीही घेतलेला आहे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशांनी बिझ मार्की या रॅपरविरुद्धचा निकाल 'चोरी करू नकोस' या बायबलमधल्या आज्ञेपासूनच सुरू केला. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि पैसे, हा नियम पक्का झाला. तो पाळता न आल्याची किंमत काहींनी फार मोठी मोजली. 'डे ला सोल' या गटाचा १९८९ चा पहिला अल्बम तुकड्यांच्या परवान्यांच्या गुंत्यामुळे वर्षानुवर्षे इंटरनेटवरच्या संगीतसेवांवर येऊ शकला नाही. तो आला ३ मार्च २०२३ रोजी, आणि गटाच्या तीन संस्थापकांपैकी एक त्याच्या सुमारे तीन आठवडे आधी, १२ फेब्रुवारीला वारला होता.

तेव्हा देणे असते, ते दिलेच पाहिजे, याबाबत माझा आपल्याशी वाद नाही. वाद आहे तो 'उचलायचा' या शब्दाशी. डिला तुकडा उचलून तसाच ठेवत नसे. तो एका ओळीचे आठ-दहा कण करी, ते सोळा पॅडवर पसरून टाकी आणि बोटांनी नव्या क्रमाने वाजवी. मूळ गायिकेने जो शब्द कधी उच्चारलाच नाही, तो तिच्याच आवाजाच्या दोन तुकड्यांतून कधी कधी ऐकू येतो. ऐकताना मूळ तबकडीविषयी प्रेम वाटते, आणि मी अनेक जुने गायक त्याच्यामुळे शोधून ऐकले आहेत.

आपल्या संगीत नाटकांचे उदाहरण घ्यावे. त्यांतली कितीतरी पदे आधीच्या बंदिशींवर, कर्नाटकी चिजांवर, लोकगीतांवर बेतलेली होती, आणि छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून मूळ गाण्याचा निर्देश केलेला असे. त्या परंपरेला आपण चोरी म्हटले नाही, कारण तिने उगम लपवला नाही आणि घेतलेल्या चालीतून नाटकाच्या प्रसंगाला हवे असलेले नवे काही उभे केले. सॅम्पलिंग, म्हणजे असे तुकडे घेऊन रचना, करणाऱ्या मुलांना मी हेच दोन निकष सांगतो.

त्यांना कायदाही सांगावा लागतो, म्हणून येथे थोडक्यात देतो. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. गाण्यात किमान दोन स्वतंत्र हक्क असतात : शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिला कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो, दुसरा ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे. परंपरेने आलेली ओवी कोणाच्या मालकीची नसते, पण तिचे एखाद्या कंपनीने केलेले ध्वनिमुद्रण मात्र त्या कंपनीचे असते. शेजारच्या आजीबाईंना विनंती करून, त्यांना त्यांचे मानधन आणि श्रेय देऊन ओवी स्वतः मुद्रित करून घेतली, तर हा सगळा गुंता टळतो आणि तुकडाही आपल्या गावचा राहतो.

प्रश्न : मी अकरावीत आहे. माझ्याकडे फक्त मोबाइल आणि साधे इअरफोन आहेत. एमपीसी घेणे शक्य नाही. सुरुवात करू शकते का?
– एक विद्यार्थिनी, देवळाली कॅम्प

उत्तर : नक्कीच करू शकतेस. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने आपले पहिले गाजलेले गाणे आयपॅडवरच मुद्रित केले आणि त्यावरच त्याचे चित्रण केले. मोबाइलवर पॅड असलेली विनामूल्य अॅप मिळतात. महिनाभर बाहेरचा कोणताही तयार आवाज वापरू नकोस : पोळपाटावर लाटण्याचा ठोका, कुलुपाची कडी, रेल्वे फाटकाची घंटा, एवढेच मुद्रित करून ठेका लाव. सुरुवातीला क्वांटाइझ चालू ठेव. सरळ ठेका कानात पक्का बसला की ते बंद करून तोच ठेका पुन्हा वाजव, आणि दोन्ही एकामागोमाग ऐक. इअरफोनमध्ये खर्ज नीट कळत नाही, म्हणून तयार झालेले काम रिक्षातल्या किंवा ओळखीच्या कोणाच्या गाडीतल्या स्पीकरवरही ऐकून पाहा.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री बीट बनवतो, दिवसा झोपतो. आता शिक्षण सोडतो म्हणतो, कारण एका कंपनीने दहा बीटचे पंचवीस हजार रुपये देऊ केले आहेत आणि कराराचा कागद पाठवला आहे. त्यावर 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे लिहिले आहे. याचे वडील माळेगावच्या एमआयडीसीत पाळी करतात. आम्हाला यातले काहीच कळत नाही. यावर पोट भरते का?
– एक आई, सिन्नर

उत्तर : ताई, डिलाच्या बाबतीत खरे सांगायचे, तर त्याने चांगले पैसे मिळवले. त्याच्या बीटना मागणी होती. पण कागदपत्रांची बाजू त्याच्या कामाइतकी नीट राहिली नाही. तो गेला तेव्हा त्याच्यावर सरकारी कराचे मोठे देणे होते. त्याच्या मालमत्तेचा कारभार बराच काळ आईच्या हाती नव्हता, आणि ज्या माउलीने त्याची बोटे चोळून दिली, तिला मुलाच्या संगीताच्या उत्पन्नासाठी झगडावे लागले. आज त्याचे एमपीसी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. ते मॉरीन यान्सी यांनीच दिले. सन्मान झाला, पण हिशेब आधी नीट असता, तर त्या बाईंची ती वर्षे सुखाची गेली असती.

म्हणून पोटाच्या प्रश्नाआधी कागदाचा प्रश्न घेऊ. सही आज करू देऊ नका. आपल्या कायद्यात २०१२ साली एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चाल रचणाऱ्याचा आणि शब्द लिहिणाऱ्याचा रॉयल्टीतला समान वाटा त्याच्यापासून करार करूनही काढून घेता येत नाही. रचनाकार तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, देऊ शकतो. 'सर्व हक्क' असे ठळक अक्षरांत छापले, तरी हा वाटा त्यात जात नाही. दुसरे, हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावाच लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आपल्या कागदावर 'कायमस्वरूपी' असा शब्द मुद्दाम घातला आहे, तो याच कारणाने. तो खोडून तीन किंवा पाच वर्षे लिहायला सांगा. कंपनीने वर्षभर काम वापरलेच नाही तर हक्क परत येतात, अशी तरतूद कायद्यात आहे; पण करारात उलट लिहून ती निष्फळ करता येते, म्हणून तेही कलम शोधा. बीटवर मुलाचे नाव कसे छापणार, हे शब्दशः लिहून घ्या. 'द उम्मा' या समूहनावाखाली डिलाची ओळख कित्येक वर्षे झाकली गेली होती. मुलाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या १९६९ पासूनच्या संस्थेचे सभासदत्व घ्यावे आणि प्रत्येक रचना तेथे नोंदवावी. दोन-तीन हजार रुपये खर्च करून एकदा वकिलाला कागद दाखवणे महाग नाही. माझ्या खोलीत काम केलेल्या एका मुलाने असाच कागद न वाचता दिला. त्याची चाल पुढे जाहिरातीत वाजली, आणि ती आपली आहे हे तो आज फक्त तोंडी सांगू शकतो.

आता पोटाविषयी. पहिल्या काही वर्षांत फक्त बीट विकून घर चालते, असे मी नाशिकमध्ये पाहिलेले नाही. चालते ते कामांच्या मिश्रणावर : कार्यक्रमांचे ध्वनिनियोजन, लघुपटांचे संगीत, इतरांचे ध्वनिमुद्रण आणि त्यासोबत स्वतःचे बीट. अभियांत्रिकीतले सिग्नल आणि इलेक्ट्रॉनिक्सचे विषय या कामात रोज लागतात, म्हणून दुसऱ्या वर्षात सोडून देणे मला मान्य नाही. अगदीच निभत नसेल, तर आपल्या नाशिकचेच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि तेथे काम करत शिकता येते. पदवी तेथून घेता येईल. मात्र हा निर्णय त्याला रागाच्या भरात घेऊ देऊ नका.

आणि 'हे आपल्याकडचे नव्हे' असे शेजारीपाजारी म्हणत असतील, तर त्यांना आपल्याच तालुक्यातले देशवंडी आठवायला सांगा. १५ ऑगस्ट १९२२ रोजी तेथे वामनदादा कर्डक जन्मले. अक्षरे ते मोठेपणी शिकले, हजारो गाणी रचली आणि गावोगाव उभे राहून गायली. लोकांचे दुःख आणि अभिमान ठेक्यावर, यमकात, रस्त्यावर मांडणे आपल्याला ब्राँक्सकडून शिकावे लागलेले नाही. मुलाला एकदा ती गाणी ऐकवा. त्याच्या बीटला काय हवे आहे, ते त्याला त्यात कदाचित सापडेल.

कराराची प्रत आपण आमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवली, तर मुलाचे नाव झाकून त्यातली कलमे पुढच्या अंकात एकेक करून समजावून सांगता येतील. तोपर्यंत कंपनीला एवढेच कळवा, की कागद वाचून होण्यास पंधरा दिवस लागतील.